शेजारणीपेक्षा बोटभर उंच

नगरपालिका, देवळाचा रस्ता
९ जून

युआन, अरे भटक्या,

तुझा फोन आंबे धुवायच्या हौदात पडला आणि तू तो काढायला वाकलासुद्धा नाहीस, असं कळलं. छान केलंस. आता तुला शिव्या घालायला मला ऑफिसचा कागद, ऑफिसची शाई आणि ऑफिसची वेळ वापरता येईल.

बातमी अशी, की तुझी आत्येबहीण आता फोनवाली राहिलेली नाही. मी सरकारी परीक्षा पास होऊन इथे आले तेव्हा यांनी मला फोनच्या टेबलामागे बसवलं होतं ना? "बसून करायचं काम आहे, पेइरोंग, तुला अगदी सोयीचं." जणू बाकीचे सगळे उभ्याने काम करतात! तर आता वरून आदेश आला, की अपंगांना सरकारी सेवा इतरांसारख्याच मिळतात की नाही हे बघायला प्रत्येक पालिकेत एक माणूस नेमा. आमच्या त्साइ साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. चाकांच्या खुर्चीत बसलेली मी एकटीच. झाली नेमणूक.

पहिलं काम पालिकेतल्याच नोंदणी कचेरीची खिडकी खाली घ्यायचं केलं. तिथला कारकून म्हणाला, "पण बाई, व्हीलचेअरवालं इथे कुणी येतच नाही."

मी म्हटलं, "मी आलेय ना."

"तुम्ही आपल्यातल्या. तुम्हाला कसं धरायचं?"

पण त्याचं एका अर्थी खरं होतं. कुणी येतच नाही. कारण येणार कुठून? नोंदणी कचेरी आणि सरकारी दवाखाना रस्त्याच्या या टोकाला, बसथांबा त्या टोकाला, आणि मधे आपल्या सगळ्यांची दुकानं. चालायची वाट म्हणजे दुकानांपुढच्या एकीला एक लागून असलेल्या पडव्या, आणि प्रत्येक पडवी आपापल्या उंचीची. एक चढा, दोन उतरा, पुन्हा तीन चढा. ज्यांचे पाय धड आहेत त्यांचीही बोटं ठेचाळतात. मी आजवर खाली रस्त्यावरूनच जाते, स्कूटरींच्या मधून, आणि मागून येणारा प्रत्येक जण हॉर्न वाजवून मला माझी जागा दाखवतो.

तर सगळ्या पडव्या एका पातळीत आणायच्या. पैसे जिल्ह्याने मंजूर केलेत, गटारंसुद्धा खोल करून देणार आहेत. अट एकच: ऑगस्ट संपायच्या आत रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानाची संमती. एक जरी अडला तरी काम रद्द, कारण मधे एक पायरी उरली की बाकीचं सगळं फुकट. आणि काम रद्द झालं तर मी पुन्हा फोनपाशी. त्साइ साहेबांनी हे हसत सांगितलं, पण सांगितलं.

बाकी सगळे होतायत तयार. अडलेत कोण, ओळख बघू. रजयांच्या दुकानात कापूस पिंजत बसलेले तुझे परमपूज्य वडील आणि माझे मामा. शेजारची काढेवाली को मावशी म्हणते, "आधी तो उतरू दे, मग मी उतरते." आणि मामा म्हणतात, "पडवी खाली गेली की पुरात कापूस भिजेल." विषय संपला.

तू ये. नाहीतर निदान त्यांना चार ओळी लिही.

पेइरोंग


युजिंग, आंब्यांच्या शेडमध्ये
१७ जून

ताई,

अधिकारी झालीस! मी इथे सगळ्यांना सांगितलं. शेडच्या मालकिणीने विचारलं, पगार किती वाढला. मी म्हटलं विचारून सांगतो. म्हणजे सांग.

इथे दिवसभर आंबे रंगावरून वेगळे करायचे. लाल इकडे, कमी लाल तिकडे. जास्त पिकलेले आमच्या पोटात. माझे हात चिकाने उतले आहेत, आणि एक माशी मला ओळखायला लागली आहे, सकाळी दारात वाट बघत असते. काल एका म्हाताऱ्याने हिरवा आंबा मिठासाखरेत कसा मुरवायचा ते शिकवलं. आधी मीठ चोळून कडू पाणी काढायचं आणि मग... हे तुला कशाला सांगतोय? हां, पडवी.

कापूस भिजतो ही शुद्ध थाप आहे. कापूस वरच्या माळ्यावर असतो, मीच लहानपणी वाहून नेलाय. पडवीची गोष्ट वेगळी आहे. त्या मोठ्या पुरानंतर बाबांनी दोन विटा चढवल्या, एवढं खरं. मग को मावशीने तीन चढवल्या, तिच्याकडे पाणी शिरलं नव्हतं तरी. का, तर लक्ष्मी म्हणे उंच पडवी बघून चढते, शेजारच्या खालच्या पडवीकडे वळत नाही. मग बाबांनी अजून एक. मग ती. मी घर सोडलं तेव्हा बाबा बोटभर पुढे होते. हे युद्ध आहे ताई, तुमच्या पालिकेचं काय घेऊन बसलीस.

त्यांना सरळ विचारू नकोस. आधी कापूस पिंजण्याबद्दल विचार. धनुकलीची तार कशी ताणायची, यंत्राने पिंजलेला कापूस का मेलेला असतो, वगैरे. भरपूर बोलू दे. बोलून खूश झाले की मग हळूच पडवी काढ.

मी त्यांना लिहितो. येण्याचं मात्र काही सांगू नकोस. मी आलो की ते धनुकली हातात देतील आणि मी पुढची चाळीस वर्षं रुईत शिंकत बसेन.

युआन


देवळाचा रस्ता
६ जुलै

युआन,

तुझी युक्ती केली. मामा धनुकलीबद्दल बोलले. मग तारेबद्दल. मग लग्नातल्या लाल रजईबद्दल. मग तुझ्या आजोबांनी कुणा फौजदारासाठी केलेल्या रजईबद्दल. मी चहाचे चार पेले प्यायले, को मावशीकडचा कडू काढाही प्यायले, आणि शेवटी हळूच म्हटलं, "मामा, पडवी..."

"नाही."

तुझं पत्र त्यांना मिळालंय. खिशात घेऊन फिरतात. त्यात लिहिलेलं मात्र एक अक्षर ऐकणार नाहीत.

पण खरं ऐक. मी चिडून म्हटलं, "मामा, मला तुमच्या दुकानात यायचं झालं तर?" तर ते उठले, हात झटकले, खाली उतरले आणि मला खुर्चीसकट उचलून वर ठेवलं. या वयात! दम लागला, पण चेहऱ्यावर काय आनंद! म्हणाले, "फरशी फोडायची कशाला? मी आहे ना उचलायला."

"आणि तुम्ही जेवायला बसला असलात तर?"

"हाक मार. ताट ठेवून येईन."

"आणि मला नुसतंच समोरून जायचं असेल, तुमच्याकडे काही काम नसताना?"

हा प्रश्न त्यांना कळलाच नाही रे. कुणी नुसतं समोरून का जाईल?

मला राग येत नाही, हीच पंचाईत आहे. हॉर्न वाजवणाऱ्यांशी मी भांडू शकते. हातातलं ताट ठेवून उचलायला येणाऱ्याशी कसं भांडायचं?

को मावशीने आता प्रकरण देवळात नेलंय. माझू देवीपुढे तिने दोन चंद्रकोरी लाकडं टाकली आणि विचारलं, मी पडवी खाली घेऊ का? दोन्ही उताणी पडली. म्हणजे देवी हसली. पुन्हा टाकली, पुन्हा हसली. मावशी म्हणाली, "बघ, देवीलासुद्धा ही थट्टाच वाटते." पुजारी म्हणाला, "मावशी, देवी तुम्हाला हसतेय." दोघांचं बोलणं बंद आहे.

रस्त्यावरच्या बाकी सगळ्यांनी संमतीच्या कागदावर सही म्हणून आपापल्या नावाचे शिक्के मारले. उरले हे दोघे. ये ना. एकदाच.

ता. क. पगार एवढा वाढला की तुझ्या मालकिणीला सांगायला लाज वाटेल.

पेइरोंग


लान्यू बेट
२४ जुलै

ताई,

आंबे संपले, मी बोटीवर बसलो. इथे घरं अर्धी जमिनीखाली आहेत आणि छपरं गुडघ्याएवढ्या उंचीवर. वादळाला घाबरून माणसाने वर न चढता खाली उतरावं, हे बाबांना कुणीतरी दाखवायला हवं. मासे वाळत घालायला मदत करतो, बदल्यात जेवण. बकऱ्या मात्र फार उद्धट आहेत. माझी एक चप्पल खाल्ली.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आणि मला वास आला. आधी "ये, नाहीतर चार ओळी लिही", मग "ये ना, एकदाच". पुढच्या पत्रात बाबांच्या छातीत कळ येईल आणि त्याच्या पुढच्यात को मावशीची पुतणी चहा घेऊन बाहेर येईल. ताई, तुम्ही मला ओढायला बघताय. पडवीचं निमित्त आहे.

मी आलो तरी करणार काय? दुकान त्यांचं, पडवी त्यांची, हट्ट त्यांचा. मी या जगात कसलाच मालक नाही, आणि मला तेच बरं वाटतं. संध्याकाळी समुद्राकडे बघत बसतो तेव्हा मनात एकही भिंत नसते. छान लिहिलं की नाही? एका मासेवाल्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला, "भिंत नाही म्हणून तर काल पावसात भिजलास."

तूच कर काहीतरी. तू अधिकारी.

युआन


देवळाचा रस्ता
८ ऑगस्ट

युआन,

भिंती आहेत. चार. वर माळा, पुढे पडवी. सगळं तुझं आहे.

बसलास का? बस. परवा मी पुन्हा दुकानापुढे उभी होते, म्हणजे बसले होते, आणि मामांना शेवटचं विचारत होते. तेवढ्यात को मावशी शेजारून ओरडली, "अगं पोरी, कशाला घसा सुकवतेस? तो शिक्का मारणार कसा? दुकान त्याचं आहेच कुठे!"

मामा रजईच्या खोळीसारखे लाल झाले. आत गेले. बाहेर आले. मग सांगितलं. तू पलटणीतली सक्तीची नोकरी संपवून घरी न येता परस्पर स्टेशनवर गेलास, त्या वर्षी त्यांनी दुकान तुझ्या नावावर केलं. तुझ्या नावाचा शिक्का घरीच, त्यांच्या खणात, इथे सगळ्यांच्या पोरांचे असतात तसा. तुझ्या वतीने तो मारला आणि मोकळे झाले. मी विचारलं, का? म्हणाले, "नावावर घर असलं की माणूस कुठेही गेला तरी त्याला पत्ता राहतो."

मग तुला कळवायचं धाडस झालं नाही. कळलं तर तू अजून लांब पळशील, ही भीती. म्हणून कापूस भिजतो.

हे त्साइ साहेबांना सांगितलं तर ते खूशच झाले. "अगं मग सोपंय! शिक्का खणात आहे ना? मामांना म्हणावं मारा. सगळेच मारतात."

मी मामांकडे गेले. ते म्हणाले, "एकदा पोराला न विचारता त्याचा शिक्का मारला, ते बस झालं. दुसऱ्यांदा मारणार नाही."

आणि युआन, मला आनंदच झाला. माझ्या आईनेही माझा शिक्का असाच मारला होता. मला नकाशे काढायला शिकायचं होतं. घातलं शिक्के कोरायच्या वर्गात, कारण पोलिओच्या मुलांना तेच सोयीचं. आई वाईट नव्हती. मला कुठल्या शाळेत घालायचं, कुठल्या टेबलामागे बसवायचं, कुणी कधी उचलून कुठे ठेवायचं, हे सगळे शिक्के लोकांनी माझ्यासाठी प्रेमानेच मारले. आता मी त्या खुर्चीत बसून तुझ्यासाठी तेच करू? तुझा शिक्का मीच कोरलेला आहे, अर्ध्या तासात जुळा भाऊ कोरून देईन. नाही करणार.

म्हणून या वेळी "ये" म्हणत नाही. नीट सांगते. दुकान तुझं आहे. पडवी खाली घ्यायची की नाही, हे तूच ठरवायचंस. नको असेल तर नको म्हण. मी फोनपाशी जाईन, मला त्याची सवय आहे. पण उत्तर तुझं असू दे. मुदत महिनाअखेरची.

पेइरोंग


ताइतुंग, सीताफळांच्या बागेत
२ सप्टेंबर

ताई,

तुझ्यावर रागावलोय. तीन आठवड्यांत माझ्याकडून पत्र नाही म्हणून तू काय समजली असशील ते मला माहीत आहे. पळाला.

पळालो नव्हतो. रुसलो होतो. तुझं पत्र वाचून मी एका उलट्या नावेखाली जाऊन पडलो आणि दुपारभर बाहेर आलो नाही. बकरी आली, वास घेऊन गेली. माझ्याकडे दोन चड्ड्या, एक चप्पल आणि एक रजयांचं दुकान! मासेवाल्याला सांगितलं तर म्हणाला, "मग मालक, कालच्या जेवणाचं काय?" मग ठरवलं की जायचं, आणि तेवढ्यात वादळ आलं. बोटी बंद. रोज धक्क्यावर जायचो, रोज तो माणूस हात हलवायचा.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी घरी पोचलो. तू नाहीस! जिल्ह्याच्या ठिकाणी गेलेली, साहेबांपुढे मुदत वाढवून मागायला. ती म्हणे दिली नाही. म्हणून तुला सगळं लिहून सांगावं लागतंय, नाहीतर तोंडावरच बोललो असतो.

बाबा पिंजत होते. केसांत कापूस, भुवयांत कापूस. मला बघितलं आणि धनुकली थांबवली.

म्हणाले, "जेवलास?"

मी म्हटलं, "विचारायला हवं होतं."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

"हो."

"म्हणूनच नाही विचारलं."

त्यांनी टोमॅटो कापून समोर ठेवले, आल्या-सोयाच्या चटणीबरोबर. मी खाल्ले. मग त्यांनी खणातून शिक्का काढून माझ्यापुढे ठेवला आणि हात मागे घेतला, तापलेली कढई ठेवावी तसा.

आणि ताई, मला वाटलं होतं, मी धाडकन शिक्का मारेन. पण हात उठेना. कारण तिथे रोज बसणार ते. मी काय, आज इथे, उद्या सीताफळं. मी म्हटलं, "बाबा, नावावर माझ्या आहे, पण बसता तुम्ही. तुम्हाला काय वाटतं?"

त्यांना हे कुणी कधी विचारलं नव्हतं बहुतेक. या वेळी ना पूर काढला, ना कापूस. म्हणाले, "पेइरोंगने एक विचारलं होतं. नुसतं समोरून जायचं असेल तर. मी विचार केला. परवा दवाखान्यात गेलो तेव्हा मोजलं, मला कुणी हाक मारून कुठे चाललास विचारलं नाही. नुसता गेलो, नुसता आलो." मग धनुकलीची तार चाचपत, "चांगलं वाटतं, नाही?"

"मग?"

"मग मार. पण त्या कोच्या पडवीपेक्षा खाली नको."

मी शिक्का मारला. जोरात. शाई त्यांच्या भुवईपर्यंत उडाली. भिंतीपलीकडून को मावशी ओरडली, "झालं का?" ती तिच्या पडवीत शिक्का आणि शाई घेऊन तयारच बसली होती. म्हणाली, "देवीने मला आज सकाळी हो सांगितलं." पुजारी मागे उभा होता, त्याने मान हलवली, म्हणजे नाही अशी.

दोन्ही कागद घेऊन मी पालिकेत पळालो. तुमचा कारकून खिडकी लावत होता. आणि एक सांगू? ती तुझी खाली घेतलेली खिडकी मला वाकून बघावी लागली. उंच माणसांचं काय, अधिकारी बाई?

बाबांना सांगितलं की सीताफळं तोडायला जायचंय. मला वाटलं, आता धनुकली. तर म्हणाले, "पत्ता लिहून ठेव." एवढंच.

तू परत आलीस तेव्हा तुझा चेहरा कसा झाला, ते मला कळव. अगदी सविस्तर.

युआन


देवळाचा रस्ता
२० डिसेंबर

युआन,

चेहऱ्याचं काही सांगणार नाही. मी रडले असं त्साइ साहेब सांगतात, पण त्यांना चष्मा बदलायला झालाय.

तोडफोडीत पाऊण रस्ता धुळीने भरला आणि सगळ्यांनी मला शिव्या घातल्या. मग थू मिस्त्री फरशी बसवायला आला. पहिल्याच दिवशी तो कपाळाला हात लावून माझ्याकडे. "बाई, मी काय करू? औषधवाला म्हणतो, बोटभर वर ठेव, कुणाला सांगू नको. शिवणवाला तेच. को मावशीने तर चिकन पाठवलं. आणि तुमचे मामा रोज माझ्या खिशात शेंगदाणे कोंबतात आणि बोट दाखवतात."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"सगळ्यांना हो म्हणतो."

"आणि करता काय?"

"नळीत पाणी घालून बघतो आणि सपाट बसवतो. अजून काय?"

काम झालं त्या सकाळी मामा पडवीत उकिडवे बसून एक डोळा मिटून बघत होते. मला हळूच म्हणाले, "बोटभर. बोलू नकोस." शेजारी को मावशी उकिडवी बसली होती, तिचाही एक डोळा मिटलेला. तिनेही मला बोट दाखवलं. रस्त्यावरचा प्रत्येक जण सध्या खुशीत आहे, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याशी जरा जास्तच गोड बोलतो, हरलेल्या माणसाशी बोलावं तसं. एवढी शांतता या रस्त्यावर मी कधी पाहिली नव्हती.

कालच्या दिवसाचं सांगते. बसथांब्यावर उतरले. मुद्दाम कुणाला बरोबर घेतलं नव्हतं. दवाखान्यात हाताने धरायचा नवा कठडा बसवला तो बघायचा होता, म्हणजे तसं काही खास कामही नव्हतं. नव्या उतारावरून पडवीत चढले आणि निघाले. औषधवाला पुड्या बांधत होता. शिवणवाला सुईत दोरा ओवत होता. समोरून काठी टेकत एक आजोबा आले, बाजूने पुढे गेले. मागे बाबागाडीतलं एक पोर ओरडत होतं, त्याची आई गाडी माझ्या पुढे काढत म्हणाली, "सरका हो जरा." सरका! मला! मी सरकले.

खरं सांगू? मला वाटलं होतं लोक टाळ्या वाजवतील. निदान बघतील. कुणी मान वर केली नाही. को मावशी काढा ढवळत होती, तिने नजरसुद्धा उचलली नाही.

मामांच्या दुकानापुढे आले. ते पिंजत होते, तारेचा टंकार रस्त्यावर येत होता, पाठ माझ्याकडे. इतकी वर्षं हा माणूस माझी चाकं वाजली की हात झटकत उठायचा. आज वाजली आणि उठला नाही. मला चक्क वाईट वाटलं. दुकान ओलांडून गेले, आणि राहवेना म्हणून थांबून हाक मारली.

"मामा!"

धनुकली थांबली. त्यांनी वळून बघितलं. "काय गं? काही हवंय?"

"नाही. दवाखान्याकडे चाललेय."

"मग जा की," असं म्हणून ते परत पिंजायला लागले.

पेइरोंग